मुकी गाडी

आमच्या वखारीतल्या विहिरीला मी जितक्या शिव्या दिल्या, तितक्या एखाद्या माणसाला दिल्या असत्या तर माझं नाक आज जागेवर नसतं. पाणी दिसायला नितळ, प्यायला थोडं मचूळ, आणि इंजिनात घातलं की आतून चुन्यासारखा पांढरा थर धरायचं. मी ज्ञानू. गणपतरावांच्या शेंगतेलाच्या घाण्याचं इंजिन मी चालवायचो. दर हंगाम संपला की इंजिन खोलून तो थर छिन्नीनं खरवडत बसायचं, हे माझ्या कपाळी लिहिलेलं काम. विहिरीची गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिनंच आमचा जीव टांगणीला लावला.

पहिली मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं तेव्हाची ही हकीकत. महाराजांच्या राज्यात शाहूपुरीची गूळपेठ भरात आली होती आणि स्टेशनाकडे माल नेणाऱ्या बैलगाड्यांची झुंबड उडायची. गणपतराव मूळचे पेठ वडगावचे. गूळ आणि तेल, दोन्हींचा व्यापार. नवी वस्तू दिसली की त्यांना ती घरात हवी असायची आणि घरात आली की महिनाभरात तिचा कंटाळा यायचा. लढाईच्या आधी त्यांनी मुंबईहून एक विजेची व्हॅन आणली होती. कुणा गोऱ्या कापडवाल्यानं वापरून वापरून लिलावात काढलेली. तिला घोडा नको, तेल नको, धूर नाही आणि आवाज तर अजिबातच नाही. बैलांना ती मागून आलेली कळायचीच नाही आणि एकदम शेजारी दिसली की ते बुजायचे. पेठेत तिचं नाव पडलं मुकी गाडी.

ती चालवायचा सिकंदर. त्याचा बाप टांगेवाला; पोरगा मात्र घोड्याच्या वाटेला गेला नाही. व्हॅनबरोबर मुंबईचा एक मिस्त्री आला होता, त्याच्या मागं मागं राहून सिकंदर सगळं शिकला. गाडीच्या फळ्यांखाली बॅटऱ्यांचे काळे डबे ओळीनं मांडलेले असायचे. डब्यात तेजाब, म्हणजे जाळणारं आम्ल, आणि तेजाबात शिशाचे पत्रे. माझ्या इंजिनाचा पट्टा डायनामोवर चढवायचा, रातभर डब्यांत वीज भरायची, आणि सकाळी सिकंदर गुळाच्या ढेपा घेऊन नवरदेवासारखा बाहेर पडायचा.

मग सरकारला लढाईवर मोटारी हाकणारे लागले आणि सिकंदर समुद्रापल्याड बसऱ्याला गेला. जाताना डबे पुरते भरले. मला म्हणाला, "महिन्यातनं एक बार पट्टा चढीव." आपल्या आईला, ताजबीमावशीला, फळ्या उचलून दाखवलं आणि म्हणाला, "अम्मा, तेजाब उडत न्हाय, पर पाणी उडतं. पत्रं उघडं पडू द्यायचं न्हाय. तेवढं बग." मावशीनं मान हलवली. आम्हाला वाटलं, पोरगा लांब चाललाय, तिच्या कानात काही शिरलं नसणार.

पट्टा चढवणं माझ्या हातात राहिलं नाही. लढाईत इंजिनाचं तेल मिळेना, मिळालं तर घाण्यालाच पुरेना. गणपतरावांनी स्वच्छ सांगितलं की उभ्या गाडीला तेल पाजायचं नाही. व्हॅन मागच्या छपरात गेली. खंडेनवमीला तिला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ मिळायची, बाकी वर्षभर तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

सिकंदर परत आला तो त्या वर्षी दसरा झाल्यावर. अंगानं वाळलेला, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना, मुठीत जोर नाही. जो तो विचारी, "गोळी कुठं लागली?" तो म्हणे, "गोळी न्हाय. लॉरी सुरू करताना हँडल उलटं फिरलं. मनगटापासनं खांद्यापर्यंत काम तमाम." ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. लढाईहून आलेल्या माणसाला निदान गोळी तरी लागलेली असावी, असं लोकांना वाटतं. हाड वाकडंच जुळलं होतं, आणि ते आता तसंच राहणार होतं.

तोवर गणपतरावांनी तेलावर चालणारी नवी लॉरी घेतली होती. सिकंदर आला म्हणताच त्यांनी त्याला हाक मारली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांदेखत सिकंदरनं डाव्या हातानं हँडल धरलं आणि फिरवायला बघितलं. एकदा, दोनदा, परत. घामानं सदरा चिकटला. मी पुढं झालो तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी जागच्या जागी थांबलो.

"ऱ्हाऊ दे," गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "लॉरीला मी दुसरा माणूस बगतो. तू वखारीत बस. मापाडी म्हणून बस."

"मालक, मी बसून खाणारा न्हाय," सिकंदर म्हणाला. "टांगा हाकायचा तर दोन हात लागत्यात, लॉरीला तर लागत्यातच. पर मुकी गाडी हाय की. तिला हँडल न्हाय. तिचा वळवायचा दांडा डाव्या हातानं फिरतोय."

गणपतराव जरा अवघडले. "आरं, तिचं शिसं मी सयाजीला इकलंय. येत्या रविवारी घण घिऊन येतोय त्यो."

सयाजी म्हणजे मिरजेचा भंगारवाला. लढाईनंतर शिशाला भाव आला होता. सिकंदरनं एवढंच मागितलं की रविवारपर्यंत मला त्या डब्यांना हात लावू द्या. गणपतराव म्हणाले, लाव. डायनामोही दिला, तेलही दिलं. ती गाडी जागी झाली तर सिकंदर पुन्हा गाडीवान, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याचं वजन मोजत बसायचं. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं आणि छपरातल्या कोंबड्या सोडून सगळ्या वखारीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्या उचलल्या. सिकंदरचा चेहरा मढ्यासारखा झाला होता. इतकी वर्षं उभी गाडी म्हणजे पाणी उडून पत्रे उघडे पडलेले, वाकलेले, सुकून भुगा झालेले असणार, अशी त्याची खात्री होती. पहिलं बूच काढलं, आत वाकून बघितलं आणि तो तसाच खाली बसला.

"ज्ञानू," म्हणाला, "पाणी हाय. पत्र्याच्या वर पाणी हाय."

दुसरं बूच, तिसरं बूच. सगळीकडे पाणी पत्र्यांच्या वर. दिवाळी आधीच आल्यासारखं वाटलं मला. सिकंदर हसत होता, डोळे पुसत होता. "माझ्या आईनं ध्यानात ठेवलं बग," असं तो दोनदा म्हणाला.

मावशी तेव्हा गावात नव्हती. तिची लेक मेहमुदा शाहूवाडीकडे दिलेली, तिचं बाळंतपण होतं म्हणून सिकंदर घरी आल्यावर चारच दिवसांनी मावशी तिकडे गेली होती. मग आम्ही वखारीच्या राखणदाराला, गुंडूला विचारलं. गुंडूला कुठली गोष्ट कधी सांगावी याचं भान देवानं दिलेलंच नाही.

"व्हय की, ताजबीमावशीच यायची," तो म्हणाला. "दर पंधरवड्याला. फळी उचलून काय काय करायची. हितं विहिरीवर कळशी भरताना म्या सोता बगितलीया."

सिकंदरचं हसू मावळलं. मी विहिरीकडे बघितलं आणि मनातल्या मनात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. डब्यात घालायचं पाणी निर्मळ लागतं. वाफेचं गोळा केलेलं, नाहीतर तसंच काही. क्षाराचं पाणी पडलं की पत्रे नासतात आणि मग कितीही वीज ओता, उपयोग शून्य. आणि आमची विहीर कशी होती ते माझ्याइतकं कोण जाणत होतं? माझ्या इंजिनाचं लोखंड तिनं चार महिन्यांत पांढरं केलं होतं. इथं तर शिसं होतं, आणि वर्षं गेली होती.

डब्यात पुन्हा वाकून बघितलं, तर पत्र्यांवर पांढरट साय धरलेली दिसली. सिकंदर म्हणाला, नुसतं उभं राहूनही पत्रे पांढरे पडतात, ती झोप असते आणि संथ वीज दिली की उतरते. पण ही झोप आहे की विहीर आहे, ते बघून सांगता येत नव्हतं. मला तरी ती साय बघून माझं इंजिनच आठवलं.

थोड्या वेळानं सिकंदर म्हणाला, "ज्ञानू, एक सांगतो. ही गाडी मेली तर अम्माला सांगायचं, सिकंदरला जमलं न्हाय. पाण्याचं नाव काढायचं न्हाय. गुंड्यालाबी सांग." मी हो म्हणालो. स्वतःचं नशीब फुटत असताना या माणसाला आईच्या मनाची काळजी होती. मला त्याचा रागच आला, खोटं कशाला बोलू? राग अशासाठी की मला तसं वागता आलं नसतं.

पट्टा चढवला. सिकंदरनं कळ अगदी थोडी फिरवली, वीज धारेनं नव्हे, थेंबाथेंबानं सोडली. वीज मोजायच्या तबकडीवरचा काटा जेमतेम थरथरला आणि बसला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. डबे काही पीत नव्हते. गणपतराव यायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि ओरडायचे, "आरं, जोरात सोड की! उपाशी माणसाला का चमच्यानं वाढत्यात?"

"उपाशी माणसालाच चमच्यानं वाढत्यात, मालक," सिकंदर म्हणायचा. "एकदम वाढलं तर मरतंय." गणपतराव तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून जायचे. पण बोलणाऱ्या सिकंदरचाही धीर सुटत चालला होता. वीज मुरल्याची खूण म्हणून डब्यात बुडबुडा येतोय का, ते ऐकायला तो कान लावून बसायचा. तासन्तास बसायचा. एकही बुडबुडा आला नाही. शनिवारी त्यानं माझ्या घरून आलेलं जेवणसुद्धा परत पाठवलं.

रविवारी सयाजी आला. बरोबर दोन गडी, घण आणि पोती. तो मोठ्यानं बोलणारा, पोटभर हसणारा माणूस होता आणि त्या दिवशी मला तो बघवत नव्हता. "काय पावणं, उठलं का मढं?" त्यानं सिकंदरला विचारलं. सिकंदर उठून बाजूला झाला आणि गणपतरावांना म्हणाला, "फोडा मालक. चुकलं असंल माझंच कायतरी."

तेवढ्यात फाटकातून ताजबीमावशी आली. शाहूवाडीहून आदल्या सांजेला परतली होती, पण सिकंदर रात्रंदिवस वखारीतच, म्हणून दोघांची गाठ पडली नव्हती. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी आणि डाळीचं गाडगं. नात झाली म्हणून चेहरा फुललेला. घण बघून ती थबकली.

"हे काय चाललंय?"

घणापुढं होत सिकंदर म्हणाला, "काय न्हाय अम्मा. गाडी म्हातारी झाली. तू झकास सांभाळलीस, पर तिचं वयच झालं."

मावशी डब्यांपाशी गेली. वाकून एका बुचाशी डोळा नेला. "पाणी तर हाय," ती म्हणाली. "मग काय झालं हिला? मी एक पंधरवडा चुकवला न्हाय. पाऊस असू दे, ताप असू दे."

इथं गुंडूचं तोंड उघडलं. त्याला सांगितलं होतं गप्प राहायला, पण सांगितलेलं त्याच्या पोटात कधी राहिलं होतं? "मावशे, पाण्यानंच घात केला. ह्या विहिरीचं पाणी चालत न्हाय तिला."

सिकंदरनं डोळे मिटले. मला गुंडूला विहिरीत ढकलावंसं वाटलं. मावशी मात्र रडली नाही, घाबरलीही नाही. उलट भडकली.

"विहिरीचं?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं रं तुला, मी विहिरीचं घातलं?"

"म्या बगितलं की. हितं कळशी भरताना."

"भरत हुते. घरला न्यायला भरत हुते." मावशीनं पाटी खाली ठेवली. "आरं, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाय. सांजपातूर चूल पेटती ठेव, दाणा दाताखाली कचकच वाजतोय. आमच्या आळीत सगळ्यांचंच तसं. म्हनून पावसाळ्यात मी धुतलेलं धोतर अंगणात चारी टोकांनी बांधते, मधी दगड ठिवते, आन् खाली बरणी. ते वरचं पाणी वर्षभर डाळीला पुरतं. ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाय, ते पाणी मी माझ्या पोराच्या गाडीला घालीन व्हय?"

"म्हंजे तू..." सिकंदर म्हणाला.

"कळशीतनं बरणीतलं पाणी आणायची, गाडीला घालायची. मग रिकामी कळशी कशाला न्यायची म्हनून हितलं भरून न्यायची, आन् त्यातच माझी डाळ. तू लांब हुतास, मला एकटीला काय, कशीबी चालतीया. न्हाय शिजली तर चावून खायची. दात हायत अजून."

सयाजीच्या गड्यानं घण हळूच जमिनीवर टेकवला. माझ्या छातीवरून कुणीतरी जातं उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती बाई गाडीला पावसाचं पाणी पाजत होती आणि स्वतः कच्ची डाळ खात होती. आम्ही दोघं मात्र तिच्यापासून पाण्याची गोष्ट लपवून ठेवायच्या गप्पा मारत बसलो होतो.

सिकंदर आईकडे गेला नाही. तो सरळ गणपतरावांसमोर उभा राहिला. इतके दिवस खाली पडलेला त्याचा आवाज चढला होता. "मालक, पत्रं नासलं न्हाईत. नुस्ती झोप हाय. पाणी पावसाचं असंल तर ही साय उतरतीया, मी मुंबईच्या मिस्त्रीच्या हातनं उतरलेली बगितलीया. मला पुढच्या रविवारपातूर द्या."

गणपतरावांनी मावशीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या घरातबी बायकोची ह्या पाण्यापायी रोजची भांडणं. ताजबी, ही तुझी डाळ शिजलीया का?"

"आज बरणीचं पाणी घातलंय. पोरगा आलाय घरात."

गणपतरावांनी गाडग्यात बोट घातलं, डाळ चाखली आणि सयाजीला म्हणाले, "पावणं, भाकरी खाऊन जावा. शिसं पुढच्या रविवारी बगू." सयाजी हिरमुसला, पण डाळ-भाकरी त्यानं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त खाल्ली.

त्या दिवसापासून सिकंदर निराळा माणूस झाला. वीज तितकीच संथ, पण आता तो तिच्याशी घाई करत नव्हता. डबे गरम लागले की पट्टा उतरवायचा, त्यांना निवू द्यायचं, परत चढवायचा. मावशी रोज बरणी घेऊन यायची आणि तो लागेल तसं थोडं थोडं पाणी घालायचा. मधल्या एका दिवशी मी इंजिनाला तेल देत होतो आणि त्यानं हाक मारली. हाक म्हणजे काय, नुसतं "ज्ञानू" एवढंच. मी धावलो. त्यानं मला एका डब्याला कान लावायला लावला.

आतून बारीक चुरचुर येत होती. दुधाला उकळी यायच्या आधी भांड्याच्या कडेला येते तशी. वाकून बघितलं तर पांढरी साय फाटली होती आणि खालून चॉकलेटी पत्रा दिसत होता. काटा वर चढला होता. मी इंजिनवाला माणूस, मला आवाज धडधडता लागतो. पण त्या चुरचुरीएवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

सगळेच डबे काही उठले नाहीत. दोन डबे शेवटपर्यंत थंड राहिले. सिकंदरनं ते काढले आणि शिशाची पट्टी टाकून शेजारचे दोन्ही डबे एकमेकांना जोडून घेतले. म्हणाला, "चढावर जरा दमंल, पर चालंल." ते मेलेले दोन डबे पुढच्या रविवारी सयाजीला दिले. तो म्हणाला, "यवढ्यावर भागीवता व्हय?" आणि पुन्हा जेवून गेला.

गाडी बाहेर काढली ती भर दुपारी, पेठ चालू असताना. कोंबड्या हाकलल्या, सुकलेल्या झेंडूच्या माळा काढल्या. हळद-कुंकू मात्र राहू दिलं. गुळाच्या ढेपा रचल्या. सिकंदर वर चढून बसला. उजवा हात मांडीवर, डावा दांड्यावर. गणपतराव, मी, गुंडू, हमाल, सगळे फाटकाशी उभे. त्यानं कळ दाबली आणि काहीच झालं नाही.

निदान मला तसं वाटलं. आवाजच आला नाही ना. इंजिनाच्या धडधडीत आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज नाही म्हणजे हालचाल नाही. मग बघतो तर छपराचा खांब मागं चालला होता. खांब कसला चालतोय, गाडी चालली होती. फाटकातून बाहेर पडून ती स्टेशनच्या वाटेला लागली आणि तिथली एक बैलजोडी जुन्या सवयीनं बुजली. गाडीवानानं सिकंदरला शिवी दिली. ती शिवी ऐकून सिकंदर जो काही हसला, तसा तो बसऱ्याहून आल्यापासून हसला नव्हता.

"मेल्याची गाडी अजून मुकीच हाय," गणपतराव म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग माझ्यावर खेकसले, "बगतोस काय? घाणा कोण चालीवणार?"

सिकंदर तिन्हीसांजेच्या आत परत आला, गाडी रिकामी करून, न अडता. मावशी छपराशी बसली होती, मांडीवर शेवटची बरणी. त्या पावसाळ्यातलं तेवढंच पाणी उरलं होतं आणि पुढचा पाऊस लांब होता. सिकंदर उतरला, फळ्या उचलल्या, प्रत्येक बुचात डोकावला आणि आईसमोर येऊन उकिडवा बसला.

"पुरं हाय का पाणी?" तिनं विचारलं. "ही यवढी एकच उरलीया. गाडीला ठिवू का?"

सिकंदरनं बरणी तिच्या मांडीवरून डाव्या हातानं उचलली आणि छातीशी धरली.

"मुंबईहून वाफेचं पाणी आणवतोय मी मालकाकडनं, गाडीसाठी," तो म्हणाला. "हे घरी ने अम्मा. आज तुझी डाळ ह्यात शिजीव."